चिमणीचं नाव नीट कसं लिहावं: जाती, उपजाती आणि कुळ लावण्याची रीत

चिमणी ओळखायला कुणालाच पुस्तक उघडावं लागत नाही, आणि त्यामुळेच पक्षिनिरीक्षकांच्या वह्यांमध्ये सगळ्यात ढिसाळ नोंद तिची असते. दुर्मीळ पाहुण्या पक्ष्याबद्दल आपण अर्धं पान लिहितो. चिमणीपुढे फक्त आकडा टाकतो. मग कधीतरी जुनं पुस्तक हाती येतं, त्यात चिमणी सुगरणीच्या कुळात दिसते. आजच्या यादीत तिचं कुळ स्वतंत्र असतं. एका ठिकाणी तिचं नाव दोन शब्दांचं, दुसरीकडे तीन शब्दांचं. न्यू जर्सीत राहणारी भाची फोटो पाठवते, तर त्या चिमण्याचे गाल राखाडी आणि नाशिकच्या चिमण्याचे पांढरे. नाव मात्र दोघांचं एकच.

अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर पोचलेल्या पक्ष्याचं नाव लिहायचं, तर थोडी शिस्त लागते. पुढे दिली आहे ती रीत घरच्या चिमणीवर शिकून घ्या, नंतर बुलबुल, दयाळ, साळुंकी अशा कुठल्याही सर्वदूर पक्ष्याला ती लागू पडते. सगळ्या रीतीच्या मुळाशी एकच आग्रह आहे: हातातला पुरावा ज्या पायरीपर्यंत नेतो, त्या पायरीवर थांबायचं. एकही पायरी पुढे जायचं नाही.

आधी पाहिलेलं लिहा, नाव नंतर

वहीत पहिल्यांदा नाव लिहिलं की डोळे त्या नावाला साजेसंच शोधू लागतात. म्हणून नावाची जागा रिकामी ठेवा आणि आधी ठिकाण, तारीख, वेळ, अधिवास, नर की मादी आणि दिसलेल्या खुणा लिहा.

नराच्या पाच गोष्टी पाहायच्या: डोक्याचा माथा, डोळ्यामागची पट्टी, गाल, गळ्यावरचा काळा डाग आणि चोच. आपल्याकडच्या चिमण्याचा माथा राखाडी असतो, डोळ्यापासून मानेपर्यंत तांबूस-तपकिरी पट्टा जातो, गाल पांढरे असतात. विणीच्या दिवसांत चोच काळी होते, एरवी ती फिकट तपकिरी. गळ्यावरचा काळा डाग वर्षभर सारखा दिसत नाही. पिसं झडून नवी येतात, तेव्हा त्यांची टोकं फिकट असतात आणि काळा रंग त्यांच्याखाली झाकला जातो. पुढे टोकं झिजतात आणि काळा भाग उघडा पडतो. त्यामुळे पावसाळा सरल्यावर दिसलेला छोटा डाग आणि विणीच्या दिवसांतला मोठा डाग हा वेगळ्या जातीचा पुरावा नाही.

मादी जास्त फसवते. पाठीवर तपकिरी आणि काळ्या रेघा, पोट साधं मळकट, डोळ्यामागे फिकट बदामी पट्टी, एवढंच तिचं वर्णन. अशाच वेषात विणीचा हंगाम नसलेली सुगरण शेताकडेला चिमण्यांच्या थव्यात मिसळलेली असते. सुगरणीची चोच जास्त जाड, शेपूट आखूड आणि चेहऱ्यावर बहुतेकदा पिवळसर झाक. मुनियांच्या पाठीवर अशा ठळक काळ्या रेघा नसतात आणि त्यांची चोच जाड, त्रिकोणी असते. माळावर जमिनीशी एकजीव झालेला डोंबारी लांबून चिमणीसारखा वाटतो, पण तो चंडोलांच्या कुळातला आहे. तो जमिनीवर पाय टाकत चालतो, चिमणी दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारते. रंग कळत नसेल एवढ्या अंतरावरूनही चाल कळते.

आणखी एक सख्खी नातलग आपल्या पानगळीच्या जंगलांत आणि शेतांच्या कडेच्या झाडांवर असते: रानचिमणी, म्हणजेच पीतकंठी चिमणी. तिच्या पाठीवर रेघा नसतात, पंखांवर दोन पांढुरक्या पट्ट्या असतात, चोच बारीक असते. नराच्या खांद्यावर तांबूस ठिपका आणि गळ्यावर पिवळा डाग असतो. सलीम अली मुंबईत लहान असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेला आणि ओळखता न आलेला पक्षी हाच. तो घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि तिथले सचिव मिलार्ड यांनी त्यांना संग्रहातले पक्षी दाखवले. 'चिमणीच तर आहे' म्हणून तो मुलगा गप्प बसला नाही, ही मला त्या घटनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

शिडी मांडा

खुणा जुळल्या की वर्गीकरणाची शिडी वहीच्या पानावर एकदा हाताने लिहून काढा. प्राणी सृष्टी, रज्जुमान संघ, पक्षी वर्ग, पॅसेरिफॉर्मिस गण, पॅसेरी उपगण, पॅसेरिडी कुळ, पॅसर प्रजाती, पॅसर डोमेस्टिकस जाती.

वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात. शास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत प्रजाती ही जातीच्या वरची पायरी आहे, जिच्यात एकमेकांच्या जवळच्या अनेक जाती येतात. नोंदवहीत हा फरक पाळा, नाहीतर पुढचं सगळं घसरतं.

जगातल्या निम्म्याहून अधिक पक्षिजाती पॅसेरिफॉर्मिस गणात आहेत आणि गणाचं नाव चिमणीच्या प्रजातीवरूनच आलं आहे. त्यातला पॅसेरी उपगण म्हणजे गाणारे पक्षी. इथे 'गाणारा' हा शरीररचनेवरून दिलेला शिक्का आहे. श्वासनलिकेच्या तळाशी असलेल्या स्वरयंत्राला हलवणारे स्नायू या उपगणात विशेष विकसित झालेले असतात. म्हणून चिवचिवाटापलीकडे फारसं न जाणारी चिमणी त्यात बसते, कावळाही बसतो.

शास्त्रीय नाव वाचायला शिका

पॅसर डोमेस्टिकस (लिनेयस, १७५८). हे नाव चार भागांत वाचायचं. पहिला शब्द प्रजाती, दुसरा जातिवाचक, मग नाव देणारा, मग नाव छापलं गेलं ते वर्ष. १७५८ हे वर्ष तुम्हाला अनेक पक्ष्यांपुढे दिसेल, कारण स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनेयसच्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षी निघाली आणि प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम तिथूनच मोजणी सुरू करतात. त्याआधीची नावं धरली जात नाहीत.

लिनेयसच्या नावाभोवतीचा कंस शोभेचा नाही. लिनेयसने चिमणीला 'फ्रिंजिला डोमेस्टिका' म्हटलं होतं, म्हणजे फिंच पक्ष्यांच्या प्रजातीत घातलं होतं. १७६० साली फ्रेंच अभ्यासक ब्रिसाँ याने 'पॅसर' ही वेगळी प्रजाती मांडली आणि चिमणी तिच्यात गेली. मूळ वर्णनातली प्रजाती आज बदललेली असेल तर नाव देणाऱ्याला कंसात घालायचं, हा नियम. त्याच वेळी डोमेस्टिकाचं डोमेस्टिकस झालं, कारण लॅटिनमध्ये फ्रिंजिला स्त्रीलिंगी आणि पॅसर पुल्लिंगी, आणि विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं.

आता आपल्या भागातल्या उपजातीचं, म्हणजे त्याच जातीतल्या प्रादेशिक प्रकाराचं, नाव पाहा: पॅसर डोमेस्टिकस इंडिकस जार्डिन व सेल्बी, १८३१. इथे कंस नाही. जार्डिन आणि सेल्बी यांनी तिचं वर्णन केलं तेव्हाच प्रजाती 'पॅसर' लिहिली होती. त्यांनी तिला स्वतंत्र जात मानलं होतं आणि आज ती उपजात आहे, पण पायरी बदलल्याने कंस येत नाही. प्रजाती बदलली तरच येतो. ही दोन नावं शेजारी ठेवली की कंसाचा नियम कायमचा डोक्यात बसतो.

यातून जुन्या नोंदी शोधण्याची एक फार उपयोगी युक्ती निघते. प्रजातीचं नाव बदलत राहतं, जातिवाचक शब्द सहसा टिकतो. रानचिमणी जुन्या पुस्तकांत 'पेट्रोनिया झँथोकोलिस' होती, आज ती 'जिम्नोरिस झँथोकोलिस' आहे. म्हणून सूचीत शोधताना पहिल्या शब्दावर अडून बसू नका. दुसरा शब्द, नाव देणारा आणि वर्ष या तीन गोष्टी धरून शोधा, शब्दाच्या शेवटी लिंगामुळे पडलेला फरक सोडून द्या.

चुकीचं वाटतं म्हणून नाव दुरुस्त करण्याचा मोह मात्र टाळा. सुगरण फिलिपीन्समध्ये आढळत नाही, तरी १७६६ साली लिनेयसने दिलेला 'फिलिपिनस' हा शब्द तिला आजही चिकटलेला आहे. आधी छापलेलं वैध नाव टिकतं. नाव वर्णनाला पटतंय की नाही याची चौकशी नियम करत नाहीत, आणि ते योग्यच आहे, नाहीतर प्रत्येक पिढीने सगळ्या नावांची उलथापालथ केली असती.

देवनागरीत लिहिताना एक पथ्य. 'पॅसर'चं कधी 'पासेर', कधी 'पॅस्सर' करू नका. एक लेखन ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर रोमन लिपीतलं मूळ नाव आणि त्याचं तुमचं देवनागरी रूप अशी जोडी लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

उपजातीची पायरी: इथे बहुतेकांनी थांबावं

चिमणीच्या साधारण १२ उपजाती मानतात आणि त्यांचे दोन गट पडतात. एक डोमेस्टिकस गट: युरोप, उत्तर आफ्रिका, मध्यपूर्वेचा काही भाग आणि उत्तर आशिया. या नरांचे गाल राखाडी. दुसरा इंडिकस गट: अरबस्तान, मध्य आशिया आणि भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंत. यांचे गाल पांढरे, बहुतेकांचे रंग जास्त उजळ, बांधा थोडा लहान. गट ओळखणं नराच्या चांगल्या फोटोवरून बहुधा जमतं. एकट्या मादीवरून जमवायला जाऊ नये.

गाल पाहताना सावध राहा. कारखान्याच्या किंवा हमरस्त्याच्या परिसरातल्या चिमण्यांचे गाल धूळ-काजळीने मळलेले असतात. एक नर पाहून ठरवू नका, थव्यातले अनेक नर पाहा. पांढरी किंवा ठिपक्याठिपक्यांची चिमणी दिसली, तर तो रंगद्रव्याच्या अभावाचा प्रकार असतो. तिला वेगळं नाव लागत नाही, फक्त शेऱ्यात नोंद लागते.

भारतात तीन उपजातींची नावं येतात. इंडिकस देशाच्या बहुतांश भागात, पार्किनी पश्चिम हिमालयात, आणि बॅक्ट्रियानस मध्य आशियात वीण करून हिवाळ्यात पाकिस्तान आणि वायव्य भारतात उतरणारी. महाराष्ट्र-गोव्यात वर्षभर राहणारी चिमणी म्हणजे इंडिकस, असं भूगोलावरून म्हणता येतं. पण 'भूगोलावरून' हा शब्द नोंदीत लिहा. इंडिकस आणि बॅक्ट्रियानस यांच्यातला फरक छटेचा आणि मापाचा आहे. पंखाची लांबी मोजल्याशिवाय आणि संग्रहातल्या नमुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय फोटोवरून त्यांची नावं लावणं म्हणजे अंदाजाला पुराव्याचा वेष देणं. मोजमापासाठी पक्षी पकडायला वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. ते काम संस्थांचं आहे, गॅलरीत जाळं लावून करायचं नाही.

परदेशात असाल तर चिमणी कुठून आणली गेली हे शोधा. अमेरिकेत १८५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणून सोडलेल्या चिमण्यांपासून प्रसार सुरू झाला, म्हणून न्यू जर्सीतल्या चिमण्याचे गाल राखाडी. दुबई-मस्कतची चिमणी इंडिकस गटातली, थेट आपल्या चिमणीच्या जवळची. दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या बाजूला भारतातून नेलेल्या चिमण्या रुजल्या, तर ईस्ट लंडन बंदराकडे युरोपातल्या. एकाच देशात दोन उगम असतील तर नकाशा पाहून गट ठरवण्याला अर्थ उरत नाही, पक्षीच पाहावा लागतो.

अमेरिकेतल्या या चिमण्यांनी शास्त्रज्ञांपुढे नावाचाच प्रश्न उभा केला. रिचर्ड जॉन्स्टन आणि रॉबर्ट सेलँडर यांनी १९६४ साली दाखवलं की शंभरेक वर्षांत तिथल्या चिमण्या प्रदेशागणिक बदलल्या. वाळवंटी नैर्ऋत्येत त्या फिकट झाल्या, दमट वायव्य किनाऱ्यावर गडद, थंड उत्तरेकडे मोठ्या. फरक मोजता येण्याइतके होते. तरीही दोघांनी त्यांना नवी नावं दिली नाहीत. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. फरक हळूहळू सरकत जाणारा असेल, तर मध्येच रेघ ओढून दोन नावं देण्याने माहिती वाढत नाही, झाकली जाते.

दोन जाती की एक?

इंडिकस गट ही वेगळी जात आहे का? प्रश्न उगाच उठलेला नाही. कझाकस्तानात बॅक्ट्रियानस आणि युरोपीय चिमण्या एकाच भागात वीण करताना आढळल्या आणि त्यांच्यात मिसळ फार थोडी दिसली. काही सोव्हिएत अभ्यासकांनी त्यावरून 'पॅसर इंडिकस' ही स्वतंत्र जात मानली. पण बॅक्ट्रियानस सगळ्यांत वेगळी आहे: ती स्थलांतर करते, माणसाच्या वस्तीवर अवलंबून नसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तिच्यात आणि वस्तीत राहणाऱ्या चिमण्यांत कवटीच्या घडणीशी आणि पिष्टमय अन्न पचवण्याशी संबंधित जनुकांमध्ये फरक सापडले. वस्तीतल्या चिमण्यांची वाट शेतीच्या उदयाच्या सुमारास, साधारण ११ हजार वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी, असा त्यातला निष्कर्ष. आपल्या अंगणातली धान्य टिपणारी चिमणी म्हणजे शेतीबरोबर घडलेला पक्षी आहे, हे वाचून मला आजही रोमांच येतात. पण एका उपजातीच्या वागण्यावरून अख्ख्या गटाला जातीचा दर्जा देता येत नाही, म्हणून मुख्य याद्या आज दोन्ही गट एकाच जातीत ठेवतात.

उलट उदाहरण इटलीचं. तिथल्या चिमण्याचा माथा तांबूस, गाल पांढरे. कुणी तिला आपल्या चिमणीची उपजात म्हणत, कुणी स्पॅनिश चिमणीची. ऑस्लो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०११ साली जनुकांच्या आधारे दाखवलं की ती या दोघींच्या संकरातून स्थिरावलेली आहे. आल्प्सच्या एका अरुंद पट्ट्यात ती घरचिमणीशी संकर करते, तरी दोन्ही बाजूंचे पक्षी आपापली ओळख राखून आहेत. आज बहुतेक याद्या 'पॅसर इटालिए' ही वेगळी जात मानतात.

तेव्हा जात वेगळी की एक हे ठरवताना तीन प्रश्न विचारा. दोघे एकत्र येतात तिथे जोड्या कशा जमतात? आवाज, रंग, मापं आणि जनुकं एकाच दिशेला बोट दाखवतात का? आणि संकर झालाच, तर तो पट्ट्यापुरता राहतो की दोन्हीकडे पसरत जातो? यांतलं एकही उत्तर आपल्या गॅलरीतून मिळत नाही, म्हणून इथे याद्यांचं ऐकायचं.

कुळाचा गोंधळ

सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरच्या दहा खंडांच्या हँडबुकात (१९६८ ते १९७४) चिमणी प्लोसिडी कुळात, म्हणजे सुगरणींबरोबर आहे. त्या काळी कवटी आणि टाळूच्या रचनेवरून तसं मानत. नंतर चिमण्यांच्या जिभेतल्या एका जास्तीच्या हाडाकडे लक्ष गेलं. ते दाणा चोचीत धरून सोलताना जिभेला ताठरपणा देतं आणि सुगरणींमध्ये ते नसतं. पुढे जनुकीय अभ्यासांनीही चिमण्यांना वेगळं काढलं. आज पॅसेरिडी कुळात चिमण्या, रानचिमण्या आणि हिमालयाच्या उंचीवरच्या हिमचिमण्या येतात. जुनं पुस्तक टाकून देऊ नका. त्यातली वर्णनं आजही उत्तम आहेत, फक्त कुळाच्या नावापुढे पेन्सिलीने आजचं कुळ लिहा.

यादी निवडा आणि नोंद पूर्ण करा

जगात पक्ष्यांच्या अनेक याद्या चालत आल्या: आयओसी, क्लेमेंट्स, बर्डलाइफ. त्यांचे जातींचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. जून २०२५ मध्ये त्या एकत्र आणणारी 'ॲव्हिलिस्ट' प्रसिद्ध झाली, तिच्यात ११ हजारांहून अधिक जाती आहेत. कोणतीही एक घ्या, पण नाव आणि आवृत्ती वहीत लिहा. यादीचं नाव नसलेली नोंद दहा वर्षांनी वाचणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवत असाल तर चिमणीसाठी 'इंडियन' आणि 'युरोपियन' असे दोन गट निवडता येतात. नर नीट पाहिला असेल तरच गट निवडा, नाहीतर साधी जात पुरेशी आहे.

शेवटी नोंद अशी दिसावी:

*ठिकाण, तारीख, वेळ. गावठाणातल्या कौलारू घराची वळचण. नर ४, मादी ३. नरांचे माथे राखाडी, गाल पांढरे (चारही), चोच काळी. एक नर चोचीत वाळलं गवत घेऊन दोनदा आत गेला. मराठी नाव: चिमणी. जाती: पॅसर डोमेस्टिकस (लिनेयस, १७५८). गट: इंडिकस, गालांवरून. उपजाती: इंडिकस, केवळ भूगोलावरून. कुळ: पॅसेरिडी. यादी व आवृत्ती.*

जात कशावरून, गट कशावरून, उपजात कशावरून, हे तिन्ही वेगवेगळं लिहिलेलं आहे, त्यामुळे यांतला एखादा निर्णय पुढे चुकीचा ठरला तरी बाकीची नोंद उभी राहते.

याद्या दरवर्षी बदलतात. बदल झाला की जुनी नोंद खोडू नका, तिच्यावर नवं नाव चिकटवूही नका. जुनं नाव तसंच ठेवून शेजारी नवं नाव, यादीची आवृत्ती आणि दुरुस्तीची तारीख लिहा. संगणकावर यादी ठेवत असाल तर त्यासाठी सुरुवातीलाच दोन रकाने करा: 'नोंदवताना लिहिलेलं नाव' आणि 'आजचं नाव'. पहिल्या रकान्याला पुन्हा कधीही हात लावायचा नाही.